दिवसभर दुसऱ्यांची पोरं, आणि आपली? (परदेशात शिक्षकी करणाऱ्या आईबाबांसाठी)

कोल्हापुरी_खडू
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते आहे.

मी कोल्हापूरला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. २०२३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडने गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकांना क्यूटीएससाठी (तिथली शिक्षकाची अधिकृत पात्रता) थेट अर्ज करायची वाट उघडली, त्या वाटेने आम्ही इथे आलो. घर लेस्टरला, माझी शाळा कॉव्हेंट्रीच्या बाजूला. व्हिसा माझा, नवरा डिपेंडंट. तो पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, तेही भारताच्या वेळेने. म्हणजे हिवाळ्यात पहाटे चारला त्याची पहिली मीटिंग. दुपारी मोकळा होतो आणि रात्री आठला सोफ्यावर घोरायला लागतो. मुलगी नुकतीच सात वर्षांची झाली, मुलगा तीनचा.

सकाळी मी सव्वासातला निघते. नवरा हेडफोन कानात, म्यूटवर बोट, असा दोघांना सोडून येतो. गाडी चालते आहे, नाही असं नाही. पण मुलीच्या शाळेत काहीही असलं की ते दुपारी दोन वाजता. नाताळचं नाटक दोनला, खेळ दीडला, 'पालकांनी येऊन पुस्तक वाचावं' हा प्रकार सकाळी दहाला. त्या वेळी मी तीस मुलांना ओहमचा नियम सांगत असते. गेल्या वर्षी ती नाटकात मेंढी होती, यंदा बढती मिळून देवदूत झाली आहे. मेंढी मी व्हिडिओत पाहिली.

त्यात लेस्टरच्या शाळा उन्हाळ्यात बाकी इंग्लंडच्या आधी सुटतात आणि आधी उघडतात. ती घरी, मी शाळेत. मग मी घरी, ती शाळेत.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, आठवड्याला तीनच दिवस काम मागायचं. दोन, सासूबाईंना सहा महिने बोलवायचं. तीन, हा पेशाच सोडायचा. तुम्ही कसं निभावता?

पोपटपंची
मेंढीची थेट देवदूत? आमच्या ऑफिसात दहा वर्षं झाली, अजून मेंढीच आहे.

शारजावाली
खडू, तुझं लेस्टर-कॉव्हेंट्री वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे हेच दर आठवड्याला चालायचं. आम्ही राहतो शारजात, भाडं परवडतं म्हणून. मी शिकवते दुबईत, सीबीएसईच्या शाळेत. २०२२ च्या जानेवारीत इथला आठवडा बदलला. दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस शाळा, शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार तिन्ही दिवस सुट्टी. पोरं शारजाच्या शाळेत. म्हणजे शुक्रवारी पोरं अंथरुणात आणि मी पहाटे अल इत्तिहाद रोडवर. नवऱ्यालाही ऑफिस. शेजारच्या मल्याळी ताईंच्या भरवशावर काढले ते शुक्रवार.

शेवटी दोघांना माझ्याच शाळेत घातलं. फीमध्ये स्टाफची सवलत मिळते, बस एक, सुट्ट्या एक, सगळं छान. मग लक्षात आलं की धाकटा माझ्याच वर्गात आला आहे. त्याला चांगले मार्क दिले तर बाकीच्या आया बघतात, कमी दिले तर घरी येऊन तो बघतो. एकदा जेवताना म्हणाला, 'मॅम, अजून एक पोळी.' मी वाढली, आणि मग दोघंही गप्प बसलो.

तरी मी म्हणेन की शक्य असेल तर पोरं आपल्याच शाळेत घाला. शाळा सुटल्यावर आमच्या ड्यूट्या संपेपर्यंत स्टाफची पोरं लायब्ररीत बसतात. त्यांची एक वेगळीच टोळी झाली आहे. कुठल्या सरांना कोण घाबरतं, स्टाफरूममध्ये कुणाचा डबा चांगला, सगळी माहिती त्यांच्याकडे.

कोल्हापुरी_खडू
शारजावाली, पोळीचं वाचून पोटात कालवलं गं. माझी शाळा अकरा ते अठराची, त्यामुळे तो मार्ग अजून चार वर्षं बंद. आणि तेव्हा तीच म्हणेल, तुझ्या शाळेत मी मुळीच येणार नाही.

सदाशिवपेठी_पाटी
इंग्लंडातल्या शिक्षकाला वर्षाला १९५ दिवस काम. म्हणजे तेरा आठवडे सुट्टी. आमच्या कंपनीत वर्षाला एकवीस दिवस मिळतात आणि ती मागताना मॅनेजरचं तोंड बघावं लागतं. हे रडगाणं काही पटलं नाही. स्पष्ट बोललो, राग नसावा.

फळा_पुसणारा
पाटीसाहेब, राग नाही, पण हिशेब चुकतोय.

मी ल्यूटनला गणित शिकवतो, बायको एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स. सुट्ट्या भरपूर आहेत, कबूल. पण शिक्षकाची सुट्टी म्हणजे पाचशेची नोट. रिक्षावाल्याला वीस रुपये द्यायचे असतात तेव्हा तिचा उपयोग नाही. तुम्ही मंगळवारी 'डेंटिस्टकडे जाऊन येतो' म्हणून दोन तास निघू शकता. मी निघालो तर तीस पोरं वर्गात बसून असतात आणि त्यांच्यावर बसायला माझा एक सहकारी आपला मोकळा तास घालवतो. मला जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे मिळतात, आणि मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी दोन ते तीन मिळत नाहीत. पोराचं आयुष्य मात्र बहुतेक त्या मंगळवारी दुपारी दोन ते तीनमध्येच घडतं.

आणि ते सहा आठवडेही कुठले? चातुर्मासातले! माझ्या दोन्ही चुलतभावांची लग्नं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि फेब्रुवारीत झाली. ऑगस्टात मुहूर्त कोण काढतो? दिवाळी कधी हाफ टर्मला (सत्राच्या मधल्या सुट्टीला) शिवून जाते, कधी नाही. गणपती २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आले म्हणून मोदक खाऊन परत आलो. २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहेत, तेव्हा मी सातवीला अपूर्णांक शिकवत असेन. पोरांची शाळा बुडवून न्यायचं म्हटलं तर २०२४ च्या ऑगस्टपासून दर मुलामागे दर पालकाला ८० पौंड दंड, एकवीस दिवसांत नाही भरला तर १६०. आणि शिक्षकानेच आपलं पोर शाळा बुडवून नेलं तर स्टाफरूममध्ये तोंड कसं दाखवायचं?

पोपटपंची
एकवीस दिवस रजा मिळणारे पाटीसाहेब आणि एकवीस दिवसांत दंड भरणारे फळासाहेब. एकवीस दूर्वा वाहा आणि मिटवा.

झेडपी_गुरुजी
परदेशातल्यांचं वाचून वाईट वाटतं, पण इकडेही या एकदा. मी आणि मंडळी दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी नंदुरबारला अक्राणीच्या डोंगरात आणि ती नाशिकला निफाडकडे. 'पती-पत्नी एकत्रीकरण' या शब्दासाठी आम्ही काय काय केलं ते आम्हालाच माहीत. बदलीच्या पोर्टलवर फॉर्म भरायचा आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढायचं. पोरगी तिच्या आजीकडे वाढली. त्यात निवडणूक आली की केंद्रावर, जनगणना आली की दारोदार.

तुम्ही निदान चौघं एका छपराखाली झोपता.

मातीचा_दिवा
गुरुजींना नमस्कार. माझी आई रत्नागिरीत अशीच शिकवायची. एसटीच्या शेवटच्या गाडीवर आमचं रात्रीचं जेवण अवलंबून असायचं. (अवांतर: आता त्या बदल्या खरंच ऑनलाइन आणि सरळ होतात का?)

झेडपी_गुरुजी
ऑनलाइन होतात. सरळ होतात का, यावर वेगळा धागा लागेल, आणि तो फार लांबेल.

सदाशिवपेठी_पाटी
पाचशेची नोट पटली. मान्य. पण मग कोल्हापुरीताई, तुमचे यजमान दुपारी मोकळे आहेत ना? ते नाटक बघतात, व्हिडिओ काढतात. एक पालक हजर आहे. मुलीची तक्रार आहे का, की तुमचीच?

कोल्हापुरी_खडू
बहुतेक माझीच.

फळा_पुसणारा
पाटींचा प्रश्न टोचणारा आहे पण चुकीचा नाही. यात एक गंमत सांगतो. मी मुलाच्या असेंब्लीसाठी दोन तास मागितले, तर वरिष्ठांनी अगदी प्रेमाने विचारलं, 'त्याची आई नाही का जाऊ शकत?' माझ्याच खात्यातल्या बाईंनी तसेच दोन तास मागितले, तर तिला विचारलं, 'तू पार्टटाइमचा विचार केलास का?' दोघांनाही दोन तास मिळाले नाहीत, पण मला बायको सुचवली आणि तिला पगारकपात.

बाप म्हणून मला कुणी 'तू कसं निभावतोस' विचारत नाही. त्यामुळे निभावलं नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही, हा त्यातला फायदा.

माइनकाठी
+१ फळा. फ्रँकफर्टजवळ इंटरनॅशनल शाळेत आहे मी, प्राथमिकला. इथे कायदा चांगला आहे. सरकारी आरोग्य विम्यात असाल तर पोर आजारी पडल्यावर दर पालकाला दर मुलामागे वर्षाला १५ दिवस मिळतात (२०२४ पासूनचा आकडा), आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण ९० टक्के विमा देतो. नवऱ्याने पहिल्यांदा ती रजा घेतली तेव्हा त्याच्या ऑफिसात कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी घेतली तेव्हा माझ्या वर्गावर शेजारच्या वर्गाची बाई गेली, दोन वर्ग एकत्र झाले, आणि दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, 'काही हरकत नाही.' ते 'काही हरकत नाही' अजून ऐकू येतं. कायदा कितीही चांगला असो, आपली रजा बहुतेक वेळा दुसऱ्या शिक्षकाच्याच मानेवर बसते.

आणि किटामध्ये (इथलं पाळणाघर-बालवाडी) माणसं कमी म्हणून त्यांनीच दुपारी लवकर बंद केलं की वेगळीच तऱ्हा. शिक्षक नाहीत म्हणून माझं पोर घरी, पोर घरी म्हणून माझ्या शाळेत शिक्षक नाही.

अटलांटिक_आजी
मुलींनो (आणि फळा), मी न्यू जर्सीत पब्लिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आमच्याकडे बर्फ पडला की पहाटे पाचला फोन यायचा. माझ्या डिस्ट्रिक्टची शाळा बंद आणि पोरांचीही बंद, असा दिवस म्हणजे दिवाळीच. पण पोरांची बंद आणि माझी 'दोन तास उशिरा सुरू' असं झालं की मी ड्राइव्हवे उपसत उपसत रडायचे.

माझी खरी अडचण वेगळी होती, ती इथे कुणी अजून लिहिली नाही. घरी आल्यावर माझ्याकडे बोलायला शब्दच उरायचे नाहीत. सबंध दिवस दीडशे पोरांशी बोलून, समजावून, दटावून घसा बसलेला. माझी पोरं दारात काहीतरी सांगायला उभी, आणि मला वाटे, कुणीही माझ्याशी अर्धा तास बोलू नये. कुणाच्या बाळाला आई उशिरा मिळते. माझ्या पोरांना आई वेळेवर मिळायची, पण मुकी मिळायची.

आणि त्यात रविवारी मंडळाच्या मराठी शाळेतही मीच बाई! मुलगा म्हणाला, 'आई, तू आठवड्यातले सहा दिवस टीचर आहेस.' पुढच्या वर्षी मराठी शाळा सोडली. मंडळात दोन जणी बोलायच्या बंद झाल्या. चालतं. मराठी मग मुलगा शिकला ती पोळ्या लाटताना आणि सिंधू नदीएवढ्या लांब गाडीप्रवासांत.

माझा उपाय असा होता, की शाळेतून निघाल्यावर वाटेतल्या लायब्ररीच्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं गाडी उभी करायची. फोन नाही, रेडिओ नाही. मग घरी. नवऱ्याला ते कित्येक वर्षं माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, ट्रॅफिक.

शारजावाली
आजी, पार्किंगवाली आयडिया उद्यापासून. इथे मात्र एसी चालू ठेवून.

तिरफळ
मी या सगळ्यांच्या दुसऱ्या बाजूचा. मूळ म्हापशाचा. आई कुवेतला भारतीय शाळेत शिकवायची आणि आम्ही भाऊ त्याच शाळेत. शुक्रवारी सुट्टी. शाळेत तिला 'मिस' म्हणायचं आणि बसमध्ये तिच्याशेजारी बसायचं नाही, हे दोन नियम तिनेच घातले होते. दुसरा नियम आमच्या भल्यासाठी होता, हे मला तिशीत कळलं.

पाटी विचारतायत की मुलांना काय वाटतं. खरं सांगू? आई कार्यक्रमाला नव्हती असं मला काही आठवत नाही. ती रात्री जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन पेपर तपासायची आणि आम्ही त्याच टेबलावर गृहपाठ करायचो, हे मात्र आठवतं. कुणी फारच गमतीदार उत्तर लिहिलं असेल तर नाव झाकून वाचून दाखवायची. आमच्यासाठी ती मेजवानी असायची.

शिक्षकाच्या सुट्टीचा मोठेपणा आमच्या घरी कुणी नाकारत नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसलं तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून आई आणि आम्ही गोव्यात होतो. बाबा तिकडे अडकले. बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला पोचले, तोवर आईने म्हापशाच्या शाळेत आमचे प्रवेश घेऊन टाकले होते आणि स्वतःही तिथे तासावर शिकवायला लागली होती. बाबा दारात उभे राहिले तेव्हा ती वर्गावर होती. शेजारणीने चहा दिला.

माइनकाठी
तिरफळ, यावर वेगळा धागा काढाच. प्लीज.

पोपटपंची
अनुमोदन. आणि आजींची 'सिंधू नदीएवढी लांब' न्यू जर्सीत कुठे मिळाली?

अटलांटिक_आजी
बाळा, न्यू जर्सी टर्नपाइक हा हायवे रविवारी संध्याकाळी बघ. मग बोल.

कागदपत्रे
कुणी मूळ प्रश्नाकडे वळणार आहे का? खडूताई, रुक्ष वाटेल, पण तुमच्या तीन पर्यायांतल्या दोहोंना व्हिशाची गाठ आहे.

तीन दिवसांचं काम: इंग्लंडात ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक वेळेचा अर्ज करता येतो, बारा महिन्यांत दोनदा, आणि शाळेने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पण तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिशावर आहात. शिक्षकांची पगारश्रेणी तासांच्या प्रमाणात कमी धरली जाते हे खरं. तिच्याखाली मात्र किमान पगाराचा एक तळ आहे, आणि तो तळ तासांच्या प्रमाणात खाली सरकत नाही. नवीन शिक्षकाचा पगार तीन दिवसांवर आणला तर त्या तळाखाली जायची भीती फार मोठी. चार दिवसांवर बहुधा जमतं. शाळेच्या एचआरकडून लेखी आकडा घेतल्याशिवाय अर्जावर सही करू नका. डिपेंडंट व्हिशावर शिकवणाऱ्या मैत्रिणींचे सल्ले इथे लागू होत नाहीत, त्यांना हा तळ नाही.

सासूबाई: व्हिजिटर व्हिशावर एका वेळी सहा महिने. नातवंडांना भेटायला आलेली आजी त्यांना सांभाळू शकते. पण कागदावर 'मुलं सांभाळायला येते आहे' हाच मुख्य हेतू दिसला, किंवा तुमची सगळी व्यवस्था तिच्यावर उभी दिसली, तर अडचण. विमानतळावर विचारलं तर खरं तेच सांगा, भेटायला आलो.

धाकटा: तुमच्या व्हिशावर सरकारी मदत नाही, म्हणून नोकरदार पालकांची ३० तासांची योजना तुम्हाला नाही. मात्र तीन पूर्ण झाल्यानंतरच्या टर्मपासून प्रत्येक मुलाला मिळणारे आठवड्याला १५ तास, वर्षाला ३८ आठवडे, ते व्हिसा कुठलाही असो मिळतात. नर्सरीला स्पष्ट विचारा. काही नर्सऱ्या आपणहून सांगत नाहीत.

फळा_पुसणारा
कागदपत्रेंना सलाम. त्यात माझी भर: तीन दिवस मागण्याआधी पीपीए मागा. वर्गात शिकवण्याच्या वेळेच्या किमान १० टक्के वेळ तयारीसाठी मोकळा मिळतो, तो आपला हक्क आहे. तो वेळापत्रकात कुठे पडतो हे मात्र टाइमटेबल करणाऱ्याच्या हातात. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक मे-जूनमध्ये शिजायला लागतं, तेव्हा जाऊन त्या माणसाशी गोड बोला. 'माझे दोन पीपीए एकत्र आणि दिवसाच्या शेवटी द्याल का, आणि ते घरून केले तर चालेल का?' माझ्याकडे गुरुवारी असे दोन आहेत. गुरुवारी मी सव्वाला शाळेबाहेर असतो आणि मुलगा मला शाळेच्या गेटवर बघतो. तेवढ्या एका दिवसावर आठवडा निघतो.

दुसरं, वर्षाचे १२६५ तास ही शाळा सांगेल तिथे थांबायची कमाल मर्यादा आहे. मीटिंगा, पालकसभा सगळं त्यात धरतात. तो तक्ता मागून घ्या. तपासणी-तयारी त्याच्या बाहेर, ते आपण रात्री करतोच.

सदाशिवपेठी_पाटी
तीन पर्यायांपैकी पेशा सोडण्यावर कुणीच बोललं नाही. सोडला तर व्हिसाही जाणार, असं समजायचं का?

कागदपत्रे
दुसरा मालक प्रायोजक मिळेपर्यंत, हो.

शारजावाली
इथेही तसंच. आणि खरं सांगू पाटी, मे महिन्यात रोज सोडते आणि निकालाच्या दिवशी पुन्हा धरते.

कोल्हापुरी_खडू
सगळ्यांचे मनापासून आभार. बरेच दिवस आले नाही, पालकसभा आणि धाकट्याला कांजिण्या, दोन्ही एकदम.

एचआरकडून लेखी आलं. तीन दिवस खरंच बसत नाहीत, चार बसतात. इस्टरनंतरच्या टर्मपासून चार दिवसांचा अर्ज दिला आहे, उत्तर यायचंय. टाइमटेबलवाल्या सरांना चकल्या नेऊन दिल्या. त्यांनी पूर्ण डबा संपवला आणि 'बघू' म्हणाले. कोल्हापुरात 'बघू'चा अर्थ मला माहीत होता, इथे कळेना.

मुलीच्या शाळेत चौकशी केली तर त्या नाटकाचा एक प्रयोग संध्याकाळी सहालाही आहे! गेल्या वर्षी ते पत्र नवऱ्याच्या ईमेलला गेलं होतं. आता त्याच संध्याकाळी माझ्या अकरावीची पालकसभा. पण ती ऑनलाइन असते, आणि शेवटच्या काही पालकांना दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन करायला खात्याच्या प्रमुखांनी हो म्हटलं.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'थंडी गेल्यावर मार्चमध्ये बघते, आणि आल्यावर स्वयंपाक मी करणार नाही, आधीच सांगते.' मला फार बरं वाटलं. आता त्या खरंच भेटायला येतायत.

पाटी, तुमच्या प्रश्नावर मी मुलीला विचारलं. तिला आई नाटकाला हवी आहेच. शिवाय नवरा व्हिडिओ काढताना मध्येच पुण्याचा कॉल घेतो, ही तिची मुख्य तक्रार निघाली.

सदाशिवपेठी_पाटी
म्हणजे आता धाग्याचं शीर्षक बदला.

फळा_पुसणारा
चकल्यांनंतर 'बघू' म्हणजे इथे ७० टक्के हो. शंकरपाळ्या नेल्यास तर नव्वद.

लिफीकाठचा
नवीन सदस्य. मी सांगलीचा, गणिताचा शिक्षक, बायकोला डब्लिनमध्ये नोकरी लागली आहे. आयर्लंडात शिकवायला टीचिंग कौन्सिलची नोंदणी लागते असं वाचलं. मुलगी पाचवीत. तिथे आयरिश भाषा शिकावीच लागते का? कुणाला अनुभव?

कागदपत्रे
नवीन धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. आणि बी.एड.च्या गुणपत्रिका आत्ताच विद्यापीठातून मागवायला टाका, वेळ लागतो.

पोपटपंची
शिवाजी विद्यापीठ असेल तर चकल्या घेऊन जा.